माळवदाचे घर व त्याची निगा, जालना जिल्ह्यातील

माळवद म्हणजे लाकडी तुळया व कड्यांवर मातीचे थर चोपून केलेले सपाट छप्पर. असे छप्पर असलेल्या घरासही माळवद किंवा माळवदी घर म्हणतात. खानदेश व वऱ्हाडात त्याला धाबे किंवा धाब्याचे घर हे नाव रूढ आहे. मराठवाड्यातील, विशेषतः जालना जिल्ह्यातील ग्रामीण गृहरचनेचा हा दीर्घकाळ प्रमुख प्रकार होता. हे घर स्वस्त मानले जाते. तथापि त्याचा स्वस्तपणा बांधणीत नसून निगेत होता. जवळपासचे साहित्य, घरातील माणसांचे श्रम आणि ठरलेला हंगाम यांच्या आधारे रोख पैशाशिवाय दरवर्षी थोडीथोडी दुरुस्ती करीत राहणे, हे या गृहव्यवस्थेचे सूत्र होते. तिचा इतिहास हा या सूत्राच्या सामर्थ्याचा व त्याच्या मर्यादांचाही इतिहास आहे.

ऐतिहासिक व भौगोलिक पार्श्वभूमी : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी, मुख्यत्वे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचे जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून अस्तित्वात आला. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. बेसाल्ट खडक, त्यावरील मुरूम व काळी माती, मध्यम पाऊस, कडक उन्हाळा आणि अत्यल्प वनक्षेत्र ही येथील परिस्थिती सपाट मातीच्या छपरास अनुकूल ठरली. कोकणातील मुसळधार पावसात असे छप्पर टिकले नसते. येथे ते टिकते, कारण पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात व खंड पडून येतो.

या प्रदेशातील वस्ती प्राचीन आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन असून, तेथे १९७३ च्या सुमारास झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन नगरवस्तीचे अवशेष मिळाले. शतकानुशतके एकाच जागी मातीची घरे बांधली जाऊन, पडून व त्यांवर पुन्हा नवी बांधली जाऊन गावाखालची जमीन उंचावत गेली. राख, शेण, चुनखडी व पडक्या भिंतींची माती यांच्या मिश्रणाने तिला फिकट रंग आला. मराठीत गावाच्या शेतजमिनीस ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणतात, ते यामुळेच. माळवदावर घातली जाणारी पांढरी माती याच टेकाडांतून व ओस पडलेल्या गढ्यांतून खणून आणीत. म्हणजे जुने गाव हीच नव्या घराची खाण होती. यामुळे साहित्यावर खर्च झाला नाही; परंतु मातीबरोबर जुने मणी, नाणी, मृण्मूर्ती व खापरे वर येऊन विखुरली आणि प्राचीन थरांची न भरून येणारी हानी झाली. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा विखुरलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह केला व त्यातून पुढे तेथील वस्तुसंग्रहालय उभे राहिले. सर्वच गावांना असा संग्राहक लाभला नाही.

रचना व साहित्य : काळी माती ओली झाली की फुगते व सुकली की भेगाळते. म्हणून घराचा पाया मुरुमापर्यंत खणीत व त्यावर दगडी जोते बांधीत. भिंती दगडमातीच्या किंवा कच्च्या विटांच्या व बऱ्याच जाड असत. दोन खांबांमधील गाळ्यास ‘खण’ म्हणतात. घराचा आकार आणि घरमालकाची ऐपत खणांच्या संख्येवरून सांगितली जाई. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा लाकडाचे आडवे तुकडे, त्यांवर तरवडाच्या फांद्या व निंबाचा पाला आणि सर्वांत वर मातीचे थर अशी छपराची रचना असे. निंबाच्या पाल्याने वाळवीस काही प्रमाणात अटकाव होतो. मातीच्या तळच्या थरात भुसा मिसळीत. वरचा थर पांढऱ्या मातीचा असे. ही माती बारीक असून काळ्या मातीप्रमाणे फुगत वा भेगाळत नाही. ती पावसाने दबून बसते व पाणी फारसे आत न मुरता उतारावरून पन्हळीकडे वाहून जाते.

उजेड येण्यासाठी व चुलीचा धूर जाण्यासाठी माळवदाला भोक ठेवीत. त्यास ‘साणे’ म्हणतात. पावसात त्यावर दगड किंवा पत्रा झाकीत. धुराच्या काजळीमुळे लाकडाचे किडीपासून रक्षण होई. मात्र त्याच धुराचा त्रास स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना वर्षानुवर्षे सोसावा लागे.

वार्षिक निगा : निगेचे वर्ष शेतीच्या वर्षाला जोडलेले होते. रब्बीची खळी उरकली की बैलगाड्या रिकाम्या होत. अक्षय्यतृतीयेपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पांढरी माती आणून माळवदावर पसरीत, चोपण्याने ठोकीत आणि पन्हळीकडचा उतार नीट करीत. पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर वर चढून गळतीच्या जागा शोधीत. उंदीर-घुशींची बिळे व भेगा ओल्या मातीने बुजवीत. श्रावणात छपरावर उगवलेले गवत मुळासकट उपटीत, कारण मुळांच्या वाटेने पाणी आत शिरते. हे काम अर्ध्या दिवसाचे असले, तरी ते चुकल्यास पुढील वर्षी एखादी कडी कुजून बदलावी लागे.

पाऊस ओसरल्यावर भिंतींची पाळी येई. पावसाच्या माऱ्याने झिजलेल्या जागी माती, भुसा व शेण यांचा गिलावा करीत. नवरात्रापूर्वी संपूर्ण घर सारवून काढीत आणि दिवाळीपूर्वी पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा पोचारा देऊन कडेला गेरूचे पट्टे ओढीत. चुना विकत घ्यावा लागे; तो नदीनाल्यांच्या काठी सापडणारी चुनखडी भाजून तयार केला जाई. सामान्य घरांत पांढऱ्या मातीवरच भागे, चुन्याचा वापर वाड्यांत अधिक असे. जमिनीचे सारवण आठवड्याला किंवा सणावाराला होई. शेणातील तंतू मातीचे कण धरून ठेवतात. त्यामुळे जमिनीची धूळ होत नाही व बारीक भेगा वेळीच भरून निघतात. सण आणि दुरुस्ती यांची ही सांगड केवळ धार्मिक नव्हती. निगेचा दिवस कोणी विसरू नये, याची ती व्यवस्था होती.

अशी व्यवस्था इतर देशांतही आढळते. अनातोलियात मातीच्या सपाट छपरावर दगडी रूळ ठेवलेला असतो व पावसानंतर तो फिरवून माती दाबतात. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात जेने येथील मोठ्या मशिदीचा मातीचा गिलावा गावकरी दरवर्षी एकत्र येऊन नव्याने करतात. मातीची वास्तू टिकते ती साहित्याच्या बळावर नव्हे, तर पुनरावृत्तीच्या बळावर, हे या उदाहरणांवरून दिसून येते.

श्रम व मोबदला : रोख खर्च होत नसे म्हणजे खर्चच होत नसे, असे नाही. सारवण, पोचारा व गिलावा ही कामे जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांची होती. शेण गोळा करणे, माती कालवणे व वाकून सारवणे या श्रमांची गणना कोणत्याही हिशेबात झाली नाही. सुतार हा बलुतेदार असला, तरी त्याच्या बलुत्यात मुख्यतः शेतीच्या अवजारांची दुरुस्ती येई; घराच्या कामासाठी त्याला धान्य वा पैसा वेगळा द्यावा लागे. दगडाचे काम वडार व बेलदार करीत. माळवद सर्वांना परवडतही नसे. भूमिहीनांची, विशेषतः गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतील घरे पुष्कळदा तुराट्यांच्या वा पळाट्यांच्या कुडाची व गवती छपराची असत. पांढऱ्या मातीसाठी लागणारी बैलगाडी व शेणासाठी लागणारी जनावरे ज्याच्याकडे होती, त्यालाच ही काटकसर शक्य होती.

घरातील माती फुकट होती, मोल होते ते लाकडाला. जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्याने सागवान बाहेरून येई. बाभूळ व निंब बांधावर मिळत. घर पडले किंवा वाटणी झाली, तर खांब, तुळया, दारे व चौकटी काढून नव्या घरात बसवीत. दुष्काळात हेच लाकूड विकून दिवस काढावे लागत. १९७२ च्या दुष्काळासारख्या प्रसंगी चाऱ्याअभावी जनावरे घटत, त्याबरोबर शेण घटे आणि माणसे कामासाठी बाहेर पडल्यामुळे निगेत खंड पडे. दोन-तीन पावसाळे निगा न मिळालेले माळवद पुन्हा सावरणे कठीण असते.

नव्या साहित्याचा शिरकाव : १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद हा लोहमार्ग सुरू होऊन जालना त्याच्याशी जोडले गेले. बाहेरचे साहित्य आणणे त्यामुळे सोपे झाले आणि विसाव्या शतकात जस्ती पत्रे क्रमाक्रमाने गावांत पोहोचले. पत्रा हलका असून त्याला वार्षिक माती लागत नाही, हे त्याचे गुण. उन्हाळ्यात तो तापतो, हा दोष. मे महिन्यात येथील कमाल तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा वेळी मातीचा जाड थर उष्णता आत येण्यास विलंब लावतो, पत्रा लावीत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिमेंट व सळईचा वापर वाढला. जालना शहर तर सळई उत्पादनाचे एक प्रमुख केंद्र बनले. इंदिरा आवास योजना (१९८५) आणि प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण (२०१६) यांमुळे पक्के घर गरीब कुटुंबांच्या आवाक्यात आले. दुसऱ्या योजनेत किमान २५ चौ. मी. क्षेत्रफळाच्या घरासाठी सपाट प्रदेशात १.२० लाख रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले.

या बदलाने निगेचे स्वरूप पालटले. माळवदास दरवर्षी थोडे श्रम लागत. काँक्रीटच्या छपरास बरीच वर्षे काहीच लागत नाही आणि नंतर एकदम मोठी रोख रक्कम लागते. भेगेतून पाणी शिरून सळई गंजली, तर ती दुरुस्ती घरच्या माणसांच्या हातची राहत नाही. जुन्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करण्याची पद्धतही रूढ झाली. वरकरणी हा टिकाऊ उपाय वाटतो. परंतु भिंतीतील ओल त्यामुळे आत कोंडते, मातीची व सिमेंटची पकड सुटते आणि गिलावा पापुद्र्यांनी निघून आतील भिंत पोकळ होते.

किल्लारीचा धडा : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. जालना जिल्ह्यापासून हा भाग दूर असला, तरी तेथील घरांची बांधणी याच कुळीची होती. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांत न गुंतल्याने सुटे झाले आणि मातीचे जड छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळले. जेथे छपराचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे काही घरांत भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला.

येथे काटकसरीच्या सूत्राचीच दुसरी बाजू उघड झाली. गळती थांबविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आणखी माती टाकणे. जुनी माती खरवडून काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. ५० चौ. मी.च्या छपरावर १ सेंमी. जाडीचा थर घातला, तर सु. ८५० किग्रॅ. वजन वाढते. थराची एकूण जाडी ३० सेंमी. झाली, तर छपरावर सु. २५ टन माती असते. त्यातील काही भाग पावसाने वाहून जातो हे खरे. पण पिढ्यानुपिढ्या भर पडत गेलेल्या घरांत जाडी याहूनही वाढलेली होती. प्रत्येक वर्षीची दुरुस्ती आपल्यापुरती योग्य होती. त्यांची बेरीज मात्र घातक ठरली.

भूकंपानंतर जुन्या घरांच्या बळकटीकरणासाठी सुचविण्यात आलेले उपायही काटकसरीचेच होते : मातीचा जास्तीचा थर काढून टाकणे, उरलेल्या थराखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून गळती रोखणे, भिंतीचे दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड वा काँक्रीटचे तुकडे बसविणे, खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे आधार देणे आणि भिंतींना सलग पट्ट्याने बांधणे. १९९३ मध्येच भारतीय मानक ब्यूरोने मातीच्या इमारती व कमी ताकदीचे दगड-विटांचे बांधकाम यांच्या भूकंपसुरक्षेविषयी मानके (आयएस १३८२७ व १३८२८) प्रसिद्ध केली. तथापि जनमानसात ‘मातीचे घर धोक्याचे’ एवढाच निष्कर्ष रुजला आणि दुरुस्तीपेक्षा त्यागाकडे कल वाढला.

सद्यःस्थिती : जिल्ह्यात नवे माळवद क्वचितच बांधले जाते. जुनी माळवदे टिकून आहेत, पण त्यांवर पुष्कळदा पत्र्याचे दुसरे छप्पर चढविलेले आढळते. ट्रॅक्टरमुळे बैल कमी झाले, शेण दुर्मिळ झाले, तरुण मंडळी शहरांकडे वळली आणि स्त्रियांची सारवणाच्या कष्टांतून काही अंशी सुटका झाली. यांतील शेवटची गोष्ट निश्चितच स्वागतार्ह होय. माळवद पुन्हा आणणे हा त्यामुळे या इतिहासाचा बोध ठरत नाही. घर एकदा बांधून संपत नाही, त्याला ठरलेल्या वेळी थोडे लक्ष लागते आणि स्वस्त दुरुस्ती करताना तिचा भार कोठे साचतो आहे हेही पाहावे लागते, एवढे मात्र त्यातून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यापूर्वी गच्चीचा उतार व पन्हळी साफ करणे, भेग लहान असतानाच बुजविणे आणि उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुन्याचा पांढरा हात देऊन घर थंड राखणे, ही काँक्रीटच्या घराची कामे जुन्या निगेच्याच परंपरेतील आहेत.