बांधाची राखण

गोमंतकांत स्थानिक कारभार कायद्याने आला, असे आपण सहज म्हणतो. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. अफोंसु मेक्सिया याने १५२६ साली तिसवाडीतील रीतिरिवाज 'फोराल' या दस्तऐवजांत नोंदविले, तेव्हांच गांवकरी ही जुनी संस्था होती.

खाजन शेताचे जीवित बांधावर व मानशीवर अवलंबून. भरतीच्या जोराने मानशीची दारे मिटतात, ओहोटीस उघडून शेतांतले पाणी नदींत सोडतात. बांध फुटला की खारे पाणी शिरून शेत नापीक होते. म्हणून राजभरणा, बांध व गांवाची कामे यांचा खर्च प्रथम वजा होई. उरेल त्यांतून गांवकऱ्यास जोण मिळे. काम कच्चे झाले तर झळ देखरेख करणाऱ्याच्याच कणगीला लागे.

या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गात नाहीं. तींत कुळांना व स्त्रियांना मत नव्हते. १९६४ च्या कूळकायद्यानंतर बांधांचा भार कुळांच्या संघटनांकडे गेला. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने भूखंड पाडण्यास परवानगी लागू लागली. बांधकामाचा परवाना आज पंचायत देते. सर्वांना मत मिळाले, हे योग्यच झाले. परंतु परवाना देणारा एक, रस्ता करणारा दुसरा आणि पाण्यांत बुडणारा तिसरा, अशी स्थिति आली.

तेव्हां ग्रामसभेत नवा आराखडा येईल त्या दिवशी आपण दोनच प्रश्न विचारावेत: पावसाचे पाणी कोठे जाणार? आणि दहा वर्षांनी गटार कोण राखणार? उत्तर इतिवृत्तांत लिहून घ्यावे.