टास्क रनर : संकेतस्थळ-बांधणीतील पुनरावृत्तीची कामे

संकेतस्थळाचा दर्शनी भाग घडवताना काही कामे दर खेपेस करावीच लागतात. सॅसमधील शैलीचे सीएसएसमध्ये रूपांतर करणे, जावास्क्रिप्टच्या अनेक फायली जोडून त्यांतील मोकळ्या जागा काढणे, छायाचित्रांचे आकारमान घटवणे ही त्यांतील नेहमीची. ठरवून दिलेल्या क्रमाने ही कामे एका आज्ञेसरशी उरकणाऱ्या प्रोग्रॅमला टास्क रनर म्हणतात.

कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये 'मेक' तयार केले. वेब विकासकांमध्ये ती रुजली ती बेन अल्मन यांच्या 'ग्रंट'मुळे (2012). पुढच्याच वर्षी 'गल्प' आले. ग्रंटमध्ये कामांचा तपशील मांडणीच्या स्वरूपात लिहावा लागतो. गल्पमध्ये साधा जावास्क्रिप्ट चालतो आणि फायली टप्प्याटप्प्यावर डिस्कवर न उतरवता स्मृतीतूनच पुढे सरकतात. नवशिक्याला गल्प अधिक सोयीचे.

सुरतेतील बमरोली, पांडेसरा, उधना या यंत्रमागांच्या पट्ट्यात खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. तेथील तरुणाला ही कल्पना परकी वाटू नये. जॅकार्ड मागावर छिद्रांच्या पत्त्यांची माळ चढवली की तीच नक्षी पुनःपुन्हा उतरते. एक पत्ता चुकला तर चूकही तितक्याच इमानाने उतरते.

आरंभासाठी संगणकावर नोड.जेएस हवे, एनपीएम त्यासोबतच येते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये 'एनपीएम इनिट' ही आज्ञा दिली की पॅकेज.जेसन ही फाइल तयार होते. मग गल्प हे विकासकालीन अवलंबन म्हणून बसवावे आणि गल्पफाइल.जेएसमध्ये प्रत्येक कामाचे एकेक फंक्शन लिहावे. 'सिरीज'ने कामे एकामागून एक, 'पॅरलल'ने एकाच वेळी चालतात. 'वॉच' फायलींवर नजर ठेवते व बदल होताच काम सुरू करते.

खरी जोखीम फोल्डरांत असते. समजा, एखाद्या साडी-व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर शेकडो छायाचित्रे आहेत. लहान केलेली चित्रे मूळ चित्रांवरच लिहिली तर जेपीईजीचा दर्जा प्रत्येक फेरीत घसरतो आणि मूळ प्रत कायमची जाते. त्यावर 'वॉच' लावलेले असेल तर चक्र थांबतच नाही. म्हणून मूळ व तयार फायली वेगळ्या फोल्डरांत असाव्यात. 2024 च्या गल्प 5 मध्ये आणखी एक खाचखळगा आहे. फायली यूटीएफ-8 मजकूर समजून वाचल्या जातात, त्यामुळे चित्रांसाठी एन्कोडिंग 'फॉल्स' न केल्यास ती बिघडतात. जुन्या मार्गदर्शिका पाहून शिकणारे येथे हमखास अडकतात.

मराठी संकेतस्थळांना वेगळी काळजी घ्यावी लागते. फाँटमधील अनावश्यक अक्षरे गाळून तो हलका करताना जोडाक्षरांचे नियम गळाले, तर 'क्ष' आणि 'त्र' फुटून हलन्तासह दिसतात. असा टप्पा जोडल्यावर पान डोळ्यांनी वाचून पाहावे.

प्लगिन मोजकेच घ्यावेत. मार्च 2016 मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या 11 ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढले आणि त्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प बांधता येईनासे झाले. पॅकेज-लॉक फाइल प्रकल्पासोबत जतन केल्याने आवृत्त्या तरी परस्पर बदलत नाहीत. दोन-तीनच कामे असतील तर गल्पही नको, पॅकेज.जेसनमधील 'स्क्रिप्ट्स' हा विभाग पुरेसा होतो.