बीड, पितळ आणि ॲल्युमिनियम

इंग्लंडात दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४० च्या ऑक्टोबरात, सरकारने 'खरेदी कर' बसविला, आणि युद्ध संपून सैनिक घरोघर परतले तरी तो काही उठला नाही. मात्र त्याच्या कलमांत एक फट अशी राहून गेली की, तयार मोटारीवर जो कर भरावा लागे, तो गिऱ्हाइकाने सुटे भाग नेऊन घरी जोडलेल्या मोटारीवर भरावा लागत नसे. ज्याच्या खिशाला तयार गाडी पेलत नव्हती, पण ज्याला पाना हाती धरण्याची हौस होती, अशा मध्यमवर्गीय इंग्रजाने या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतला. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली काढलेली 'लोटस सेव्हन' ही या प्रघातातली सर्वांत नामांकित गाडी. जोडणीची कृती छापून दिली तर करमाफी जाईल, म्हणून कंपनीने गाडी सुटी कशी करावी याचे पत्रक सोबत दिले, आणि ते शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचे असे गिऱ्हाइकाने समजून घेतले, ही कथा तिकडचे शौकीन अजून चवीने सांगतात.

सरकारचा कर असा चुकविता आला, तरी या गाड्यांच्या पाण्यात दुसराच एक वसूलदार बसलेला होता. कारखान्यातून निघालेल्या मोटारीत इंजिन, रेडिएटर, पंप आणि हीटर यांच्या धातूंचा मेळ कोणा अभियंत्याने आधीच घालून दिलेला असतो. घरी जोडलेल्या गाडीत बिडाचे इंजिन एका मोडीतल्या गाडीचे, डाक लावलेले तांब्या-पितळेचे रेडिएटर दुसरीचे, ॲल्युमिनियमचा एखादा भाग तिसरीचा, आणि या सर्व विजातीयांमधून फिरणारे पाणी मात्र एकच, तेही बहुधा नळाचे, क्षार पोटात घेऊन आलेले. अशा पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांस जोडलेले राहिले की त्यांचा एक लहानसा विद्युत्घट तयार होतो, आणि त्यांतला जो अधिक क्रियाशील, तो झिजत जाऊन दुसऱ्याला राखतो. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकते, हे आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होते; तिथे आंबटामुळे धातू विरघळतो, इथे तो शेजारच्या धातूच्या नादाने विरघळतो, एवढाच भेद.

हा नाद ब्रिटिश आरमाराला मोटारींच्या फार पूर्वी भोवला होता. १७६१ मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून रक्षण व्हावे म्हणून, तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांनी ठोकण्यात आला. वेस्ट इंडीजची सफर करून ती परतल्यावर १७६३ मध्ये पाहतात तो पुष्कळसे खिळे गंजून खलास झालेले, पत्रा जागोजाग सुटलेला; पण काही खिळे मात्र शाबूत! बारकाईने तपास करता उलगडा झाला तो असा की, पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो काढण्यात कामगारांची कसूर झाली होती, आणि जिथे तो कागद खिळा व तांबे यांच्या मधे टिकून राहिला, तिथे लोखंडही टिकले होते. धातू आणि वीज यांचा संबंध पुढे आणणारे गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाचे बेडकाच्या तंगडीवरचे प्रयोग प्रसिद्ध व्हायला अजून जवळजवळ तीस वर्षांचा अवकाश होता, त्यामुळे आरमाराच्या दफ्तरी निरीक्षण तेवढे नोंदले गेले; मीमांसा रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांची वाट पाहत राहिली. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले की ते स्वतः झिजून तांब्याला वाचवितात, हे त्यांनी १८२४ साली सिद्ध केले, आणि ते इतके खरे ठरले की त्यातूनच त्यांची फजिती झाली; कारण तांबे विरघळेनासे होताच त्याचे विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजांच्या तळांना शेवाळ व शिंपले चिकटून त्यांचा वेग मंदावला. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणा ठरला तो विसरलेला कागदच.

मोटारवाल्यांची पहिली चिंता मात्र गंजाची नव्हती, थंडीची होती. पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटू नये म्हणून आरंभी अल्कोहोल मिसळीत, ते उडून जाई. कोणी कॅल्शियम क्लोराइडचे खारे पाणी भरी, ते धातूच खाई. १९२७ पासून अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने इथिलीन ग्लायकॉल विकले जाऊ लागले. ते उडत नव्हते, परंतु उष्णता आणि हवा यांच्या सहवासात जुने होता होता आम्लधर्मी बनत होते. म्हणून त्यात गंजरोधके घालणे आले, आणि खरी पंचाईत तिथेच सुरू झाली. सोडियम नायट्राइट बिडाला राखते पण डाकेला बाधते, म्हणून त्याच्या जोडीला सोडियम बेंझोएट द्यावे लागले. टांकणखार बिडाला मानवतो, तापलेल्या ॲल्युमिनियमला मानवत नाही. सिलिकेट ॲल्युमिनियमवर पातळ कवच धरते, पण कालांतराने खर्ची पडते.

ॲल्युमिनियमचे हे लाड अमेरिकनांना महाग पडले. ब्यूइकने १९६१ च्या गाड्यांत साडेतीन लिटरचे, सर्वस्वी ॲल्युमिनियमचे व्ही-आठ इंजिन बसविले, आणि बिडाच्या इंजिनांना सरावलेल्या मालकांनी त्यात हाती लागेल ते द्रावण ओतल्यामुळे रेडिएटर तुंबल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. पुढे १९६५ मध्ये त्या इंजिनाचे हक्क इंग्लंडच्या रोव्हरने घेतले, आणि मोडीत निघालेल्या रोव्हर गाड्यांतून ते हलके, दणकट यंत्र घरगुती जोडणीच्या गाड्यांत शिरले. त्याच्यामागून ते दुखणेही आले. अशा एखाद्या उपेक्षित इंजिनाचा होज पाईप ओढून काढावा, म्हणजे क्लिपखालच्या तोंडावर भिजलेल्या खडूसारखा पांढरा लगदा दिसतो, आणि तो नखाने खरवडला की खाली मसुराच्या डाळीएवढे खळगे. बाहेरून, नवा रंग लावलेल्या त्या गाडीत, यातले काहीही दिसत नाही.

यात फायबरग्लासच्या बॉडीने आणखी एक भर घातली. लोखंडी बॉडीच्या मोटारीत दिव्याचा वा पंख्याचा प्रवाह बॉडीतूनच बॅटरीकडे परततो. फायबरग्लास वीज वाहून नेत नाही, म्हणून प्रत्येक उपकरणाला अर्थिंगची वेगळी तार द्यावी लागते, आणि ती सैल झाली तर प्रवाह रेडिएटरमधल्या द्रावणातून वाट काढून नवाकोरा रेडिएटरही अल्पावधीत चाळणीसारखा करून टाकतो. व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी, दुसरी धातूला न टेकविता द्रावणात बुडवावी. पंखा चालू करताच काटा उसळला, तर चोर सापडला.

खरेदी कर १९७३ च्या एप्रिलात रद्द झाला आणि त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला, तरी घरी गाडी जोडण्याची हौस राहिली. आपल्या वाचकांत कोणी असा हौशी असेल, तर त्याने नळाचे पाणी न वापरता ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधकयुक्त ग्लायकॉल निम्मे मिसळावे, दोन जातींची द्रावणे एकत्र करू नयेत, डब्यावर लिहिलेली मुदत पाळावी, आणि द्रावण बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावी.