उटणे, ऊन आणि कपूरकचरी

मे महिन्याच्या मध्यास रोहे तालुक्यात एक दिवस असा येतो, की भर दुपारी माणसाची सावली त्याच्या पायांखालीच नाहीशी होते. सूर्य अगदी माथ्यावर आलेला असतो. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असल्यामुळे त्याचा पत्ता कोणाला लागत नाही. मेमधल्या त्या उन्हातून धाटावच्या कारखान्यात पाळी संपवून घरी निघालेला कामगार जातो, राब भाजणारा शेतकरी जातो, मासळी वाळत घालणारी कोळीण जाते. ऊन या सर्वांच्या कातडीवर आपली खूण ठेवून जाते. ही कातडी राखण्यासाठी आमच्या पूर्वजांनी वनस्पतींचा उपयोग केला होता काय, असा प्रश्न आज आम्ही घेतला आहे. बाजारात या प्रश्नाचे उत्तर बाटलीवर छापूनच मिळते, आणि ते 'होय' असे असते. इतिहासाला इतक्या झटपट 'होय' म्हणता येत नाही.

प्रथम जुन्या ग्रंथांची साक्ष काढू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, औषधींचे पन्नास गण सांगितले आहेत आणि प्रत्येक गणात दहा द्रव्ये आहेत. त्यांपैकी एक गण 'वर्ण्य', म्हणजे कांती सुधारणारा. दुसरा 'दाहप्रशमन', म्हणजे आग शमविणारा. चंदन, वाळा, ज्येष्ठमध आणि अनंतमूळ ही चार द्रव्ये या दोन्ही गणांत आढळतात. उन्हाने पोळलेल्या अंगाला चंदनाचा लेप द्यावा हा आपला घरगुती उपचार याच परंपरेतला आहे. पण ऊन अडविणारा असा स्वतंत्र गण त्या पन्नासांत नाही. ऊन अडविण्याची गोष्ट चरकात येते ती लगेच पुढच्या अध्यायात, दिनचर्येच्या ओघात. आणि तेथे त्याने सांगितली आहे ती वनस्पती नव्हे, तर छत्री! ऊन, वारा, धूळ आणि पाऊस यांचे निवारण छत्र करते, असा त्याचा अभिप्राय आहे. उन्हापूर्वी छत्री आणि उन्हानंतर चंदन, ही वाटणी आमच्या मते फार शहाणपणाची होती. पुढे लोक ती विसरले आणि चंदनाकडूनच छत्रीचे काम मागू लागले.

सुगंधी द्रव्यांचे आणि उटण्यांचे आपल्याकडे स्वतंत्र शास्त्र होते. त्याला गंधशास्त्र म्हणत. या शास्त्राचा इतिहास उजेडात आणण्याचे मोठे श्रेय एका कोकणी माणसाकडे जाते. परशुराम कृष्ण गोडे हे मूळचे देवरुखचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ पासून १९६१ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते हस्तलिखितांचे रक्षक होते. त्यांनी तेथील एका हस्तलिखितातून गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' हे दोन ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे. चार-पाचशे वर्षांपूर्वीचा कोणी मराठी जाणकार सुगंधी द्रव्यांच्या कृती आपल्या भाषेत समजावून सांगत होता, ही गोष्ट आम्हांस राजांच्या वंशावळींइतकीच मोलाची वाटते. 'गंधसारा'त भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगून पुढे कृती आणि शेवटी द्रव्यांचा निघंटू दिला आहे. त्या शास्त्राचे लक्ष्य मात्र सुगंध हे होते. किरण हा शब्द त्याच्या हिशेबात नव्हता.

असायचे तरी कसे? उन्हातील जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि तरीही कातडी भाजतात, त्या अतिनील किरणांचा शोधच १८०१ साली जर्मनीत रिटर याने लावला. ते अडविण्याचे पहिले प्रयत्न मात्र वनस्पतींपासूनच झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८९१ साली स्टुटगार्टच्या हामर या वैद्याने कातडीला क्विनीन लावण्याची शिफारस केली, आणि क्विनीन मिळते सिंकोनाच्या सालीपासून. पुढे १९११ च्या सुमारास उन्ना या त्वचारोगतज्ज्ञाने हॉर्स चेस्टनट या झाडातील एस्क्युलिन द्रव्यापासून मलम केले. १९२८ साली अमेरिकेत जे मलम विक्रीस आले, त्यात सॅलिसिलेट आणि सिनॅमेट या दोन जातींची द्रव्ये होती. सिनॅमेट हे नाव दालचिनीवरून पडलेले. पुढे ऑस्ट्रियाच्या ग्रायटर या रसायनज्ञाने संरक्षणाचे माप ठरविण्याची रीत पुढे आणली. आज डबीवर पंधरा, तीस असे जे आकडे असतात, ते त्या मापाचे.

आता आपल्या उटण्याकडे वळू. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, गव्हला, आंबेहळद यांबरोबर कपूरकचरी असते. हिमालयाच्या उतारावर वाढणाऱ्या, हळदीच्याच कुळातील एका झाडाचे हे सुगंधी कंद. गांध्याच्या दुकानात त्याच्या पांढऱ्या चकत्या मिळतात. या कंदातील एक प्रमुख द्रव्य म्हणजे इथिल पॅरा-मेथॉक्सिसिनॅमेट. जगभरच्या सूर्यरोधक मलमांत वर्षानुवर्षे वापरलेले ऑक्टिनॉक्सेट हे याच द्रव्याचे अगदी जवळचे भावंड आहे. दोघेही अतिनील किरण शोषून घेतात. म्हणजे ज्या जातीच्या द्रव्यासाठी पश्चिमेकडील रसायनशाळा खपल्या, ते पिढ्यान्पिढ्या आपल्या आजीच्या वाटीत पडून होते!

पण येथेच थांबले पाहिजे. उटणे पहाटे अंगाला चोळतात आणि गरम पाण्याने धुऊन टाकतात. उन्हात जाताना कातडीवर काही उरतच नाही. शिवाय सूर्यरोधक मलमाचे माप घेताना ते दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतके लावलेले असते. चिमूटभर भुकटीची तेथे काय कथा!

हळदीची गोष्ट आणखी गमतीची. साडीवर पडलेला हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण उन्हात वाळत घातला की उडतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. जी हळद उन्हापुढे स्वतः टिकत नाही, तिने कातडीचे रक्षण कसे करावे? जखमेवर तिचा उपयोग मात्र निर्विवाद जुना आहे. अमेरिकेने १९९५ साली त्या उपयोगाचे पेटंट दिले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे पुढे केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तेथे वाटीतली हळद नव्हे, तर कागद कामास आला.

आमच्या कोकणातील रातांब्याचे तेल हेही असेच. बिया वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला मेद काढून त्याचे मुठीत गोळे वळायचे, म्हणून त्याला कोठे मुठेल म्हणतात तर कोठे भिरंडेल. तळपायाच्या भेगा आणि फुटलेले ओठ यांवर त्याच्यासारखे औषध नाही. अंगाच्या उष्णतेने ते हळूहळू विरघळते आणि कोरडी कातडी मऊ ठेवते. किरण अडविण्याचा गुण त्यात नावापुरता.

वनस्पती म्हटली की ती निरुपद्रवी, ही समजूतही टाकली पाहिजे. कोडावर बावची लावून उन्हात बसविण्याचा उपचार जुना आहे, कारण बावची उन्हाचा परिणाम कमी करीत नाही, वाढविते. लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागले तरी कातडी पोळते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. चेहरा उजळावा म्हणून लिंबू लावून उन्हात जाणाऱ्या मुलींना हे कोणी सांगत नाही. गोरेपणाच्या या हव्यासाबद्दल आम्हांस अधिक बोलवत नाही. सावळ्या कातडीत निसर्गाने थोडीफार छत्री घातलेलीच आहे, ती पुरेशी नसली तरी.

आणि रसायनशाळेतले मलमही निर्दोष नाही. प्रवाळांस अपाय होतो या कारणावरून हवाई राज्याने ऑक्टिनॉक्सेटयुक्त मलमांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली. तेव्हा कंदातील मूळ द्रव्याकडे पुन्हा पाहावे काय, असा विचार साहजिकच मनात येतो. 'गंधसार' आणि मराठी टीकेसह 'गंधवाद' हे ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापले आहेत. त्यांच्या निघंटूतील एकेक द्रव्य घेऊन ते कोणते किरण किती शोषते, हे प्रकाशमापकाने पाहता येते. ज्या गावात रसायने तोलणारे आणि तपासणारे हात घरोघरी आहेत, तेथे हे काम फार अवघड असू नये.