लहान पाणबुडीचे मोठे पंख

नगरसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात पाणबुडीची कथा कशाला, असे कोणी विचारील. पण ‘शल्की’ ही देशात बांधलेली पहिली पाणबुडी मुंबईच्या माझगाव गोदीतील कामगारांनी घडविली. ती ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात आली. म्हणून ही कथा आम्ही आपलीच मानतो.

पाणबुडीला डावी-उजवीकडे सुकाणू वळविते, वर-खाली आडवे पंख नेतात. आरंभीच्या पाणबुड्या लहान होत्या. पंखांचे धडे त्यांनीच दिले, आणि महागात दिले. अमेरिकेच्या यादवी युद्धातील ‘हन्ली’ हातांनी फिरवायची होती. १८६३ साली झाकणे उघडी असताना पंखांचा दांडा चुकून दाबला गेला, असे सांगतात. बोट बुडाली, पाच खलाशी गेले.

पुढे जॉन हॉलंड या आयरिश शाळामास्तरांनी १८७८ साली अमेरिकेत पॅसेइक नदीत साडेचौदा फुटी पाणबुडी उतरविली. तिचे पंख मध्यावर होते. नाक खाली वळेना. १८८१ च्या बोटीत त्यांनी पंख शेपटाशी नेले. पहार लांब धरली की धोंडा हलतो, तोच हा न्याय.

पंखांवरील पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाई उरतो. म्हणून संथ चालणाऱ्या लहान पाणबुडीला तिच्या मानाने मोठे पंख लागतात. फारच मोठे केले, तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि वेगात बोट जराशा हालचालीने उसळते.

वेगाच्या भरात पंख हुकूम पाळतातच. माप ठरवावे ते संथ चालीवरून. कारण आत माणसे बसलेली असतात.