‘कॉम्प्रेस’ शब्द आणि कापसाची गासडी

इंग्रजीत ‘कॉम्प्रेस’ असे एक क्रियापद आहे. शाळकरी कोश त्याचा अर्थ ‘दाबणे’ असा देतो आणि मोकळा होतो. पण नुसते दाबणे निराळे आणि दाबून दाट करणे निराळे. मराठीला हा भेद चांगला ठाऊक आहे. आपण दूध आटवतो, पोत्यात भुसा ठासतो, ट्रंकेत कपडे कोंबतो, अंगणातली माती धुम्मसाने चोपतो. प्रत्येक वेळी वस्तू थोडक्या जागेत येते, पण क्रियापद बदलते. इंग्रजीतही दूध आटवण्याला ‘कॉम्प्रेस’ चालत नाही. तिथे ‘कंडेन्स’ हवे. ते लॅटिनमधल्या ‘डेन्सुस’, म्हणजे दाट, या शब्दावरून आले.

‘कॉम्प्रेस’ही मूळचा लॅटिनच. ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे, आणि ‘कॉम्’ म्हणजे एकत्र. फ्रेंचांच्या वाटेने तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. आपल्या शास्त्रीय परिभाषेने त्याला ‘संपीडन’ हा प्रतिशब्द दिला. ‘सम्’ म्हणजे एकत्र आणि ‘पीड्’ म्हणजे दाबणे. जुळणी अगदी चोख! शिवाय ‘पीडा’ हा शब्दही याच धातूतला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आमच्या शिरपुराकडे हा शब्द कोशातून आला नाही. तो कापसाच्या व्यापाराबरोबर आला, आणि येताना पुढचा ‘कॉम्’ गाळून आला. शेतकऱ्याच्या तोंडी दोनच शब्द बसले: ‘जीन’ आणि ‘प्रेस’. (‘जीन’ म्हणजे ‘एंजिन’चा उरलेला तुकडा, बरे का!) जिनात कापसातून सरकी निघते, रुई उरते, आणि प्रेसमध्ये त्या रुईची गासडी होते.

पण दाबायचे कशासाठी? रुई वजनाला हलकी आणि जागेला भारी. पूर्वी खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून मुंबईस जाई. वाटेत धूळ, पाऊस, चोरी. पुढे जहाजात भाडे पडे ते जागेचे. सैल रुई विलायतेला पाठवणे म्हणजे वाऱ्याचे भाडे भरणे! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि भाव आभाळाला भिडले. त्याच दशकात आगगाडी जळगाव-भुसावळला पोचली, आणि जळगावी वाफेचे प्रेस उभे राहिले. तापीच्या उत्तरेला असलेल्या शिरपुराला रूळ लाभले नाहीत. १९०० च्या सुमारास तापी-खोरे रेल्वे झाली तीही नदीच्या दक्षिणेकडून, नरडाण्यावरून. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, आणि ३९२ पौंडांच्या दोन गासड्यांची एक खंडी होई. हल्लीची गाठ १७० किलोची धरतात.

आता त्या गाळलेल्या ‘कॉम्’कडे वळू. माझ्या मते खरा इतिहास या उपसर्गातच आहे. एका गासडीत एकाच शेतातली रुई क्वचितच असते. दहा गाड्यांचा माल एकत्र दाबला, की चांगला कोणता नि वाईट कोणता हे कोणी सांगावे? गासडी फोडल्याशिवाय आतले दिसत नाही. मग वर पांढरी स्वच्छ रुई आणि पोटात कचरा, सरकी, वजन वाढवायला मारलेले पाणी, असे प्रकार व्यापारात शिरले. मुंबई सरकारने या लबाडीविरुद्ध १८२९ सालीच नियम केला होता. १८६३ साली अधिक कडक कायदा करून तपासनीस नेमले. तरी विलायतेच्या बाजारात मुंबईच्या मालाची पत ती काय राहणार? एकाने पाणी मारावे आणि भाव मात्र साऱ्या जिल्ह्याचा पडावा! ज्याने ऊन खाऊन, वेचून, निवडून चोख कापूस आणला, तोही त्याच दाबाखाली आला.

अखेर १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. प्रत्येक गासडीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक ठरले. गासडी कुठेही फुटो, ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली हे सांगता येऊ लागले. शोधाची वाट मात्र प्रेसच्या दारापर्यंतच जाई. त्यामागे असलेली गाडी, गाव आणि शेत यांचा त्या खुणेत पत्ता नव्हता.