पुसलेल्या फिती आणि नगरचा एक विनोदकार

पोथी नष्ट होते ती वाळवीनें, पुरानें किंवा आगीनें. परंतु दूरचित्रवाणीच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतील शेंकडों कार्यक्रम नष्ट झाले ते त्यांच्या मालकांच्याच हातून, आणि तेंहि काटकसरीच्या सद्धेतूनें. आज एखादा रसिक जुन्या इंग्रजी हेरकथा-मालिकेचा संच घरीं पाहण्यासाठीं विकत घेतो, तेव्हां संपूर्ण ग्रंथ त्याच्या हातीं येतोच असें नाहीं. पुष्कळदां जीं पानें वांचलीं तेवढींच येतात. या नाशाची आणि बचावाची हकीकत सांगण्याजोगी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या अहमदनगरापर्यंत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरापर्यंत, येऊन पोंचतो.

इ. स. १९६१ च्या जानेवारींत इंग्लंडच्या व्यापारी दूरचित्रवाणीवर 'दि अ‍ॅव्हेंजर्स' ही मालिका सुरू झाली. पुढें ती जगभर गाजली. हातांत छत्री, डोक्यावर गोल टोपी आणि तोंडीं अत्यंत सभ्य भाषा असा तिच्यांतील गुप्तहेर जॉन स्टीड पॅट्रिक मॅक्नी या नटानें लोकांच्या मनांत कायमचा ठसविला. परंतु पहिल्या वर्षीं स्टीड हा दुय्यम होता. नायक होता इयन हेन्ड्री या नटानें रंगविलेला डॉक्टर कील. आजच्या प्रेक्षकाला याची कल्पना नसते, कारण त्या वर्षाच्या २६ भागांपैकीं संपूर्ण असे तीनच भाग उरले आहेत. अगदीं आरंभींच्या भागाचा तर केवळ पहिला अंक शिल्लक आहे. हा अंक आणि सर्कशींतील कथेचा एक भाग २००१ सालीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या संग्रहांत सांपडले. 'टनेल ऑफ फिअर' नांवाचा आणखी एक भाग २०१६ मध्यें उजेडांत आला. बाकीचे २२ भाग कोणीहि पाहूं शकत नाहीं. उलट १९६५ पासूनचे भाग अमेरिकेंत विकावयाचे म्हणून चित्रपटाच्या फिल्मवर घेतले गेले. ते सगळे सुखरूप आहेत.

असें कां व्हावें? चुंबकीय चित्रफीत १९५६ मध्यें अमेरिकेंतील अ‍ॅम्पेक्स कंपनीनें बाजारांत आणली. ती अतिशय महाग होती, आणि पाटीवरील अक्षरांप्रमाणें तिच्यावरील चित्र पुसून तिच्यावर पुन्हा नवें चित्र घेतां येत असे. त्यांत नटांच्या व वादकांच्या संघांशीं झालेल्या करारांमुळें एकच कार्यक्रम वारंवार दाखविण्यास बंधन होतें. १९६९ सालीं इंग्लंडच्या मुख्य वाहिन्या रंगीत झाल्या, तेव्हां तर कृष्णधवल फितींना गिऱ्हाईकच उरलें नाहीं. प्रेक्षक आपल्या घरीं यंत्र लावून वीस वर्षांपूर्वींचा कार्यक्रम हवा तेव्हां पाहील, ही कल्पना त्या काळच्या व्यवस्थापकाला परीकथेसारखीच वाटली असती. व्ही.एच.एस. पद्धतीचें घरगुती यंत्र जपानांत १९७६ मध्यें विक्रीस आलें. बी.बी.सी.नें फिती पुसण्याचा प्रघात थांबवून जतनाचें धोरण आंखलें तें १९७८ च्या सुमारास. म्हणजे गिऱ्हाईक दारांत उभें राहिल्यावर दुकानदाराला माल फुंकून टाकल्याची आठवण झाली!

आतां नगरकडे वळूं. पहिल्या महायुद्धांत नगर हें ब्रिटिशांचें लष्करी ठाणें तर होतेंच, शिवाय येथें शत्रुराष्ट्रांचे नागरिक म्हणून धरलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन लोकांची मोठी छावणीहि होती. ज्याच्या त्याच्यावर हेरगिरीचा संशय घेण्याचा तो काळ. त्याच नगरांत १६ एप्रिल १९१८ रोजीं तोफखान्यांतील लिओ मिलिगन या आयरिश शिपाईगड्याला मुलगा झाला. त्याचें नांव टेरेन्स. पुढें जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखूं लागलें. त्याचें बाळपण पुण्यांत व नंतर रंगूनमध्यें गेलें, आणि किशोरवयांत तो इंग्लंडास पोंचला. २००२ सालीं तो वारला, तोंपर्यंत इंग्रजी विनोदाची चालच त्यानें बदलून टाकली होती.

त्याचें मुख्य कार्य नभोवाणीवरचें. १९५१ ते १९६० या काळांत बी.बी.सी.वरून 'गून शो' हा कार्यक्रम होत असे. लेखन बव्हंशीं मिलिगनचें, आणि सोबतीला पीटर सेलर्स व हॅरी सीकोम्ब. हेर, गुप्त कागद, नाहींसे होणारे शास्त्रज्ञ या शीतयुद्धांतील भीतीदायक गोष्टींची त्यांत यथेच्छ टवाळी असे. १९५९ मधील 'हू इज पिंक ओबो?' हा प्रयोग तर सबंध हेरकथेचेंच विडंबन होय. पडद्यावरील सभ्य हेर जन्मण्यापूर्वींच नगरच्या या पुत्रानें त्याला हास्यास्पद करून ठेविलें होतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु या कार्यक्रमाच्या पहिल्या तीन मालांतील बहुतेक प्रयोग आज ऐकावयास मिळत नाहींत. पुढचे मिळतात, कारण बी.बी.सी.ची एक शाखा परदेशच्या नभोवाणी केंद्रांना विकण्यासाठीं निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या तयार करीत असे. लंडनच्या कपाटांत जें टिकलें नसतें तें दूरदेशीं जावयाचें म्हणून टिकलें. साम्राज्याच्या एका दूरच्या छावणींत जन्मलेल्या माणसाचें हंसणें त्या साम्राज्याच्या डाकवाटांनींच वांचविलें, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो. चौथ्या मालेंतील कांहीं संहिता तर १९५७-५८ मध्यें याच विक्रीसाठीं पुन्हा वाचून नव्यानें मुद्रित करण्यांत आल्या. 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या हरवलेल्या भागांच्या बाबतींतहि २०१४ पासून तोच मार्ग अवलंबिला गेला: उरलेल्या संहितांवरून नव्या नटांनीं त्यांचीं श्राव्य रूपें तयार केलीं. कागद हा असा चिवट असतो.

एक गोष्ट मात्र आपल्याला सलल्यावांचून राहणार नाहीं. 'गून शो'मध्यें लालकाका आणि बॅनर्जी अशीं दोन भारतीय पात्रें आहेत. सेलर्स आणि मिलिगन यांनीं काढलेला त्यांचा बाबू-थाटाचा इंग्रजी आवाज आज ऐकतांना हंसूं अर्ध्यावर थांबतें. नगरांत जन्मून आणि पुण्यांत वाढून ज्यानें आपल्या लोकांची बोली जवळून ऐकली, त्यानें तिचें काय केलें हें त्यांतून स्पष्ट कळतें. म्हणून तर ती तबकडी राहिली हें बरें झालें असें मी म्हणतों. अप्रिय भाग गाळून काढलेल्या संचांवरून कोणाहि इतिहासकाराला त्या काळाची परीक्षा करतां येणार नाहीं.

दूरचित्रवाणीवर मिलिगनचें दैव तितकें बलवत्तर नव्हतें. १९६९ च्या वसंतांत बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर त्याची 'क्यू ५' ही सात भागांची मालिका झाली. त्याच वर्षीं शरदांत सुरू झालेल्या 'मॉन्टी पायथन'च्या मंडळीनें तिचें ऋण उघडपणें मान्य केलें आहे. शिष्यांचे सर्व भाग आज घरोघर पाहतां येतात. गुरूच्या सातांपैकीं कांहीं कायमचे पुसले गेले.

नगरच्या किल्ल्यांत घडलेली हकीकत याच्याशीं ताडून पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत पंडित नेहरू तेथें बंदिवान होते, आणि १९४४ मध्यें अवघ्या पांच महिन्यांत त्यांनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहून काढला. तो १९४६ सालीं छापला गेला. त्यावर श्याम बेनेगल यांनीं केलेली 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका १९८८-८९ मध्यें दूरदर्शनवर झाली, आणि पुढें ती तबकड्यांवरून घरींहि आली. तोंवर जतनाचें महत्त्व सर्वांना पटलें होतें. नभोवाणीवरील भाषणांचें मात्र तसें झालें नाहीं. जुन्या काळीं वक्ता कागद समोर ठेवून बोले, आवाज हवेंत विरून जाई, आणि मागें राही तो फक्त मासिकांत छापलेला मजकूर.

'अ‍ॅव्हेंजर्स'च्या त्या २२ भागांचीं नांवें, प्रक्षेपणाच्या तारखा आणि नटांच्या याद्या आज उपलब्ध आहेत. कांहींचीं छायाचित्रें आहेत, कांहींच्या संहिताहि आहेत. दुय्यम गणला जाणारा तो स्टीड डॉक्टर कीलच्या खोलींत प्रथम कसा शिरला, हें मात्र त्या रात्रीं इंग्लंडांत ज्यांनीं पाहिलें तेच काय ते जाणोत.